कंकणं वाजव, मग दार उघडतो

मराठीत 'बर्बर' म्हटलं की रानटी, क्रूर माणूस डोळ्यांपुढे येतो. 'बर्बरता' हा शब्द आपण बातम्यांच्या मथळ्यांत नेहमी वाचतो, आणि हे कुणा जिवंत लोकांचंही नाव असेल अशी शंका मनात येत नाही. मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतापासून इजिप्तच्या सीवा मरूद्यानापर्यंत पसरलेल्या लोकांना जग याच नावाने ओळखतं. ज्यांची भाषा कळत नाही ते सगळे 'बार्बारोस', बडबडे, असं ग्रीकांनी ठरवलं होतं. संस्कृतातल्या 'बर्बर'मध्येही तीच बडबड ऐकू येते. हे लोक स्वतःला 'अमाझीग' म्हणतात, अनेकवचनी 'इमाझिघन', आणि त्याचा अर्थ 'मुक्त माणसं' असा सांगतात. या लेखात मी त्यांचंच नाव वापरणार आहे.

त्यांच्यातलं एक गाणं मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अल्जीयर्सच्या रेडिओवरून ते लोकांपर्यंत पोचलं. गायक होता भूगर्भशास्त्र शिकलेला एक तरुण, इदिर. हे त्याचं खरं नाव नव्हे. अल्जीरियाच्या कबायली डोंगरात (कबायली हे तिथल्या अमाझीगांचं नाव), जगेल की नाही अशा अशक्त बाळाला हे नाव ठेवायची रीत होती. त्याचा अर्थ 'तो जगेल'. गाण्याचे शब्द कवी बेन मोहम्मद यांचे, आणि मूळ कथा आजीने चुलीपाशी सांगितलेली. मुलगी दाराबाहेर उभी आहे. 'बाबा, दार उघडा' म्हणते. आत म्हातारा बाप आहे. दारात राक्षसही असू शकतो, म्हणून तो म्हणतो, तुझी कंकणं वाजव. मुलगी सांगते, मला रानातल्या राक्षसाची भीती वाटते, बाबा. आतून उत्तर येतं, मलाही वाटते, पोरी.

आवाजावरून आपलं माणूस ओळखायचं. उत्तर आफ्रिकेत गाण्याने हे काम शतकानुशतकं केलं आहे. म्हणूनच तिथल्या संगीताला 'सांस्कृतिक वारसा' म्हणून हार घालून बाजूला ठेवण्याला माझा विरोध आहे. गाण्याचा सत्कार करायचा आणि ज्या भाषेत ते गायलं जातं तिला शाळेत, कचेरीत, रस्त्यावर अडवायचं, असं धोरण तिथल्या सरकारांनी बराच काळ चालवलं आहे. दुरून कौतुक करणारे आपण श्रोतेही नकळत त्याला साथ देतो.

अमाझीग भाषेची तिफिनाघ ही लिपी फार प्राचीन आहे, पण सहारातल्या तुआरेग लोकांखेरीज ती बहुतेकांच्या वापरातून गेली होती. धर्माचं आणि राज्याचं लिखाण अरबीत, नंतर फ्रेंचमध्ये. मग घरातलं, शेतातलं, मनातलं जे काही होतं ते गाण्यात गेलं. कबायली बाया दळताना, ऑलिव्ह वेचताना, पाळण्याशी गायच्या. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना याची फोड करून सांगायला नको. सासरचा जाच, परदेशी गेलेला नवरा, मेलेलं मूल, जे चारचौघांत बोलता येत नाही ते दगडाच्या घरघरीत सांगता येतं. मध्य अ‍ॅटलसमध्ये 'इम्द्याझन' नावाचे फिरते कवी चौघाचौघांच्या ताफ्याने आठवडी बाजार करत हिंडत. कुठे दुष्काळ पडला, कुणी जुलूम केला, हे ते पद्यात सांगत. त्या डोंगरातलं वर्तमानपत्र म्हणजे हीच माणसं. सूस खोऱ्यात आणि उंच अ‍ॅटलसमध्ये 'अहवाश' होतो. गावाच्या 'असायस'मध्ये, म्हणजे मधल्या पटांगणात, रात्री डफ तापवून घेतात, पुरुषांची रांग, बायकांची रांग, आणि एक कवी उभ्या उभ्या रचलेली ओळ फेकतो. ती ओळ सगळी रांग उचलते आणि दुसरा कवी तिला उत्तर देतो. कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबासारखंच हे. फरक इतकाच की इथे गावातला खराखुरा तंटाही त्यातच मिटतो किंवा पेटतो.

अशा गाण्याला लोककला म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं की त्यातला सवाल मरतो.

अरब जगाला हे कळत नव्हतं असं नाही. गाण्याचं बळ अरबांइतकं फार थोड्यांनी ओळखलं आहे. त्यांच्या मकामांपैकी, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वररचनांपैकी, 'रास्त' घ्या. त्यातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी बसतो. तो नेमका कुठे, यावर १९३२ साली कैरोत राजा फुआदने भरवलेल्या अरब संगीत परिषदेत विद्वान हातघाईवर आले होते. सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत का, पियानो चालवून घ्यावा का, असे ते वाद होते. हंगेरीचा संगीतकार बार्टोक तिथे प्रतिनिधी म्हणून, ध्वनिमुद्रण समितीत होता. माघ्रेबातून, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातून, आलेल्या पथकांत अल्जीरियातल्या त्लेमसेनचे लार्बी बेन सारी होते, मुस्लिम स्पेनमधून आलेल्या अंदलुसी परंपरेचे उस्ताद. पण गंधार कुठे बसतो हे शेवटी गायिकेचा गळा ठरवतो आणि श्रोत्याचा 'अल्लाह!' असा उद्गार त्यावर शिक्का मारतो. या गुंतून जाण्याला अरबीत 'तरब' म्हणतात. नील नदीच्या मुखाजवळच्या खेड्यातल्या एका इमामाची मुलगी कुराणपठणाच्या तालमीतून उच्चार शिकली, लहानपणी मुलाच्या वेषात बापाबरोबर गात हिंडली आणि पुढे उम्म कुलसूम झाली. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरो रेडिओवर तिचं गाणं लागे. एकच गाणं तासभर चाले, एकेक ओळ दहा वेगळ्या वाटांनी परत येई, आणि कासाब्लांकापासून बगदादपर्यंत माणसं रेडिओभोवती गोळा होत. इस्रायलकडून झालेल्या १९६७च्या पराभवानंतर ती देशोदेशी मैफली करत फिरली आणि मिळालेला पैसा तिने इजिप्तच्या सरकारला दिला. फेब्रुवारी १९७५मध्ये ती गेली तेव्हा कैरोच्या गर्दीने तिची शवपेटी सरकारी माणसांच्या हातून घेतली आणि आपल्या खांद्यांवरून रस्त्यारस्त्यांतून नेली.

एका आवाजाने इतक्या देशांतल्या माणसांना 'आपण एक आहोत' असं वाटायला लावलं, याचा अरब राष्ट्रवाद्यांना रास्त अभिमान होता. मला त्यांना एवढंच विचारायचं आहे की तोच न्याय डोंगरातल्या माणसाला का नाही?

स्लिमान अझेमचं काय झालं ते पाहा. फ्रेंच राजवटीत त्याने टोळधाडीला उद्देशून गाणं केलं. माझ्या देशातून निघून जा, असं तो टोळांना सांगतो. टोळ म्हणजे कोण हे प्रत्येक कबायली शेतकऱ्याला कळत होतं. १९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. युद्धात अझेमच्या घरच्यांनी फ्रेंचांची बाजू घेतली असा ठपका होता. त्याची गाणी रेडिओवरून गेली आणि तो पुन्हा देशात आला नाही. पॅरिसच्या कॅफेंमध्ये, कारखान्यांतल्या कबायली मजुरांसमोर तो गात राहिला आणि १९८३मध्ये फ्रान्समध्येच वारला. ताओस अमरूशने आईकडून शिकलेली कबायली गाणी युरोपच्या सभागृहांत नेली होती. १९६९मध्ये अल्जीयर्समध्ये सगळ्या आफ्रिकेचा मोठा सांस्कृतिक महोत्सव झाला. आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातले वादक आले, पण हिला अधिकृत मंचावर बोलावलं नाही. तिने विद्यार्थ्यांसमोर गायलं. स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या आईची गाणी, बाजूच्या दाराने.

मग मार्च १९८०. लेखक आणि मानववंशशास्त्रज्ञ मुलूद मामेरी कबायली प्रदेशातल्या तिझी उझूच्या विद्यापीठात व्याख्यान देणार होते. विषय होता जुनी कबायली कविता. सरकारने व्याख्यानावर बंदी घातली. विद्यार्थी रस्त्यावर आले, संप झाले, २० एप्रिलला पहाटे विद्यापीठात पोलीस घुसले. त्या दिवसांना आज 'बर्बर वसंत' म्हणतात आणि २० एप्रिल दरवर्षी पाळला जातो. एखाद्या राज्यसत्तेला जुन्या कवितेवरचं भाषण सोसवत नाही, तेव्हा ती कविता अजून जुनी झालेली नसते.

या धोरणामागची भीती मात्र खोटी नव्हती, हे मान्य करायलाच हवं. फ्रेंचांनी अल्जीरियावर १३२ वर्षं राज्य केलं आणि अरबीला तिच्याच घरात परकं केलं. अरब आणि अमाझीग यांना वेगळं काढून दुही पेरायचा डाव त्यांनी खेळला. मोरोक्कोत मे १९३०मध्ये काढलेल्या 'बर्बर दाहिर' या फर्मानाने अमाझीग टोळ्यांना शरियतच्या कक्षेतून बाहेर काढून वेगळ्या रिवाजी न्यायाखाली आणलं, तेव्हा मशिदी-मशिदींतून निषेधाच्या प्रार्थना झाल्या आणि तिथल्या स्वातंत्र्य चळवळीला धार आली. स्वातंत्र्यानंतरच्या नेत्यांना कबायली किंवा (उत्तर मोरोक्कोतल्या रिफ डोंगरातल्या) रिफी भाषेच्या मागणीत जुन्या मालकाचा हात दिसला तर त्यांना वेडं म्हणता येणार नाही. अरबी शाळेत परत आणणं हे न्यायाचंच काम होतं. चूक तिच्याखेरीज दुसरी भाषाच नको म्हणण्यात होती. साठ वर्षांपूर्वीच्या मालकाच्या भीतीने आजच्या पोराची जीभ बांधायची, हे मला पटत नाही.

अरब आणि अमाझीग यांना एकमेकांपासून तोडून दाखवता येत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा संगीतच देतं. अल्जीयर्सच्या कस्बा वस्तीत, अरबीत गायलं जाणारं 'शाबी' ज्याने घडवलं तो एल हाज महम्मद एल अन्का कबायली घरातला होता आणि दोन्ही भाषांत गायचा. परदेशी निघालेल्या माणसाला 'कुठे जाशील, थकून परतच येशील' असं सांगणारं गाणं १९९०च्या दशकात रशीद ताहाच्या आवाजात जगभर वाजलं. ते मूळ दहमान एल हर्राशीचं. भाषा अरबी, घराणं ओरेस डोंगराकडचं, शाविया अमाझीगांचं. आणि सत्तेला गाण्यातून सुनावणं ही कुणा एका जमातीची मिरास नाही. मोरोक्कोच्या सखल पट्ट्यात अरबी बोलीत 'आयता' गातात. 'आयता' म्हणजे हाक. १९व्या शतकाच्या अखेरीला तिथल्या अब्दा प्रांतात कायद (सुभेदार) ऐसा बेन ओमरच्या जुलमाविरुद्ध खर्बूशा नावाच्या गायिकेने अशीच हाक दिली आणि त्यापायी ती जिवाला मुकली, असं सांगतात. तिच्या ओळी आजही गायल्या जातात.

सप्टेंबर १९९४मधले चार दिवस मला विसरता येत नाहीत. अल्जीरियात लष्कर आणि सशस्त्र इस्लामी गट यांच्यातलं युद्ध ऐन भरात होतं. २५ सप्टेंबरला तिझी उझूजवळच्या एका कॅफेतून कबायली गायक लुनेस मातूबला बंदूकधाऱ्यांनी उचलून नेलं. २९ सप्टेंबरला ओरानमध्ये शेब हस्नीला त्याच्या राहत्या मोहल्ल्यात गोळ्या घातल्या. हस्नी २६ वर्षांचा होता. तो 'राई' गायचा, ओरानच्या अरबी बोलीत, विरहाची, प्रेमाची, व्हिसा न मिळालेल्या तरुणांची गाणी. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. एकाची भाषा अमाझीग, दुसऱ्याची अरबी. एक सरकारला आणि धर्मांधांना दोघांनाही शिव्या घालणारा, दुसरा फक्त प्रेमावर गाणारा. मारणाऱ्यांनी असा भेद केला नाही. त्यांचा राग गाण्यावर होता. संगीत निषिद्ध आहे असं म्हणणाऱ्यांनी अल-गझालींचं लिखाण वाचायला हवं होतं. अकराव्या-बाराव्या शतकातल्या या धर्मपंडिताने आपल्या मुख्य ग्रंथात श्रवणाच्या योग्यायोग्यतेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि हृदयात जे असतं तेच गाणं ढवळून काढतं अशी भूमिका मांडली आहे.

मातूबला दोन आठवड्यांनी सोडलं. सगळा कबायली प्रदेश त्याच्यासाठी रस्त्यावर आला होता. त्याआधी, ऑक्टोबर १९८८च्या दंगलींत, एका जंदार्मने, म्हणजे निमलष्करी पोलिसाने, त्याच्या शरीरात पाच गोळ्या घातल्या होत्या. महिनोन्‌महिने इस्पितळात काढून तो लंगडत परत मंचावर आला. त्याच्या हातात असायचं 'मांडोल', एल अन्काच्या शाबीसाठी अल्जीयर्समध्ये घडवलेलं वाद्य. शहरी अरबी संगीताचं वाद्य, त्यावर कबायली शब्द. २५ जून १९९८ रोजी गावाकडे जाताना डोंगराच्या वळणावर त्याची गाडी अडवून त्याला ठार मारलं. बरोबर बायको आणि तिच्या दोन बहिणी होत्या, त्या जखमी झाल्या. मारणारे नेमके कुणाचे होते यावरचा वाद आजही मिटलेला नाही. त्याच्या शेवटच्या, मृत्यूनंतर आलेल्या कॅसेटमध्ये राष्ट्रगीताच्या चालीवर देशाच्या फसवणुकीचे शब्द होते. त्या हत्येनंतर दहाच दिवसांनी, ५ जुलैला, सरकारी व्यवहारात सर्वत्र अरबीची सक्ती करणारा कायदा अंमलात आला. ५ जुलै हा अल्जीरियाचा स्वातंत्र्यदिन.

मातूब संत नव्हता. त्याच्या गाण्यांत कडवटपणा आहे, काही ओळी अरबी बोलणाऱ्या देशबांधवांना बोचतील अशा आहेत. पण त्याला वगळून कबायली संगीताचा 'वारसा' दाखवायचा म्हणजे तुकारामांचे बुवाबाजीवर तुटून पडणारे अभंग काढून उरलेल्यांचं भजन करण्यासारखं आहे.

पुढे सरकारांची भाषा बदलली. मोरोक्कोत २००१मध्ये अमाझीग संस्कृतीसाठी राजसंस्था निघाली, २००३पासून शाळांत तिफिनाघ आली, २०११च्या राज्यघटनेत भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. अल्जीरियात यासाठी आणखी रक्त सांडलं. एप्रिल २००१मध्ये जंदार्मच्या ठाण्यात एक शाळकरी मुलगा मारला गेला आणि त्यानंतरच्या दंगलींत शंभरावर माणसं गेली. २००२मध्ये तमाझिग्त, म्हणजे अमाझीग भाषा, 'राष्ट्रीय' भाषा झाली, २०१६मध्ये 'अधिकृत'. याच काळात युनेस्कोच्या यादीत नावं चढत गेली. अल्जीरियातल्या गुरारा मरूद्यानांतलं अहेल्लील हे समूहगान, तुआरेग स्त्रियांचं इम्झाद वाद्य, मोरोक्कोचं ग्नावा संगीत, राई. हे चांगलंच झालं. त्यामुळे म्हाताऱ्या कलावंतांकडे निदान कुणीतरी कॅमेरा घेऊन गेलं, आणि गावातल्या पोरांना आजोबांच्या डफाची लाज वाटेनाशी झाली. हा फायदा मी नाकारत नाही.

पण २०१९चा उन्हाळा आठवा. अल्जीरियात सत्ताधाऱ्यांविरुद्ध लाखो लोक दर शुक्रवारी शांतपणे रस्त्यावर येत होते. फुटबॉलच्या प्रेक्षागृहात जन्मलेलं गाणं चळवळीचं गाणं झालं होतं. अरबी आणि कबायली घोषणा एकाच मिरवणुकीत चालत. जूनमध्ये लष्करप्रमुखाने राष्ट्रध्वजाखेरीज दुसरे झेंडे चालणार नाहीत असं बजावलं आणि अमाझीग झेंडा हातात धरला म्हणून डझनावारी तरुण तुरुंगात गेले. भाषा अधिकृत होऊन तीन वर्षं झाली होती. 'येन्नायर' हा अमाझीग नववर्षाचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला होता. त्या दिवशी टीव्हीवर नाचगाणी दाखवायला कुणाची हरकत नव्हती.

इम्झादचंच घ्या. एका तारेचं, घोड्याच्या केसांचं हे वाद्य तुआरेग समाजात फक्त बायका वाजवतात. २०१३मध्ये माली, नायजर आणि अल्जीरिया या तिन्ही देशांच्या नावाने ते युनेस्कोच्या यादीत आलं. त्याच्या आदल्याच वर्षी उत्तर मालीत शस्त्रधारी गटांनी संगीतावर बंदी घालून वाद्यं जाळली होती. तिथल्याच भूमीतला इब्राहिम अग अल्हाबिब. १९६३च्या उठावात लहानपणी त्याने बापाला मारलेलं पाहिलं, पुढे निर्वासित छावण्यांत पत्र्याच्या डब्याला काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार लावून गिटार बनवली, आणि त्याच्या 'तिनारिवेन' गटाची गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरत वाळवंटभर पसरली. २०१२मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाला. पुरस्काराच्या वर्षीच घरी गाणं गुन्हा ठरला होता. यादीतलं नाव आणि पुरस्कार, दोन्ही माणसाला गाऊ देण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना दोन दारं बंद होती. कबायली गायिका शेरिफाने तरुणपणी अक्बू गाव सोडलं, गाडीत बसल्या बसल्या गावाचा निरोप घेणारं गाणं रचलं, आणि ते सगळ्या कबायली मुलखाच्या ओठी बसलं. गाणारी बाई म्हणजे घरावरचा डाग, असा तो काळ. पुढे रेडिओ सोडून तिला पोटासाठी फरशा पुसाव्या लागल्या. राईची आद्य गायिका शेखा रिमिती अनाथ वाढली, लिहायला-वाचायला शिकली नाही, स्त्रीच्या देहाबद्दल आणि दारूबद्दल अशी गायली की स्वतंत्र अल्जीरियाच्या आकाशवाणीने तिला दूर ठेवलं. आज दोघींचं नाव सगळे आदराने घेतात. हा आदर त्यांच्या वाट्याला हयातीत, पोटाला पुरेल अशा मानधनाच्या रूपात यायला हवा होता. आज जात्यावर, लग्नघरात गाणाऱ्या ज्या बायका अजून आहेत, त्यांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण त्यांच्या नावानिशी व्हावं, त्यावर त्यांचा हक्क राहावा आणि ते गाणं त्यांच्या नातवंडांच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्याच भाषेत छापलं जावं. अल्जीरियात १९९५पासून तमाझिग्त शाळेत आहे, तीही कबायली मुलांनी वर्षभर शाळांवर बहिष्कार टाकल्यानंतर आलेली, आणि अजून ती ऐच्छिकच आहे. ऐच्छिक भाषा शिकवायला शिक्षक नसला तर कुणाला जाब विचारता येत नाही.

इदिर पॅरिसला राहायला गेला, तिथेच त्याचं नाव जगभर झालं, पण ३८ वर्षं त्याने अल्जीरियात मैफल केली नाही. भाषेला घरात मान मिळाल्याशिवाय सरकारी महोत्सवाची शोभा व्हायचं नाही, असा त्याचा बाणा होता. जानेवारी २०१८मध्ये येन्नायरच्या निमित्ताने तो अल्जीयर्सच्या घुमटाकार क्रीडागृहात गायला उभा राहिला. समोरच्या हजारो माणसांत त्याच्या शेवटच्या मैफलीनंतर जन्मलेली कितीतरी पोरं होती. मुलीच्या ओळी, बापाच्या ओळी, सगळ्या त्यांना पाठ होत्या. दोन वर्षांनी, २ मे २०२०ला, तो पॅरिसमध्ये वारला आणि त्याला तिथेच पुरलं. झेंड्यासाठी पकडलेली पोरं त्याआधीच्या हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने सुटून घरी आली होती.